आवाज अमेरिकेला कशाला पाठविता?

पुण्याच्या संगणक-व्यवसायात वरिष्ठ हुद्द्यांवर काम करणाऱ्या मंडळींच्या तोंडून गेल्या काही वर्षांत एक मत वारंवार ऐकू येते, आणि ते इतक्या निःशंकपणे मांडले जाते की ऐकणाऱ्याला त्याची शहानिशा करण्याची गरजच वाटू नये. मत असे की, घरी बसून काम करण्याची जी मुभा २०२० च्या टाळेबंदीत नाइलाजाने द्यावी लागली, ती मुरुड, औसा, अहमदपूर, कंधार अशा गावांपुरती तरी आता काढून घेतली पाहिजे. कारण या गावांतून कंपनीच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर बसणारी माणसे हिशेबाची, तपासणीची, प्रोग्रामिंगची कामे ठीक करतात, परंतु व्हिडिओ-बैठकीत त्यांचा आवाज तुटतो, चेहरा गोठतो, वाक्य अर्ध्यावर राहते, आणि ज्याचे बोलणे धड ऐकू येत नाही त्याच्यावर जबाबदारीचे काम सोपविता येत नाही. दोष गावच्या इंटरनेटचा, गावचे इंटरनेट सुधारणे कंपनीच्या हातचे नाही, सबब उमेदवाराने पुण्यास यावे, असा या युक्तिवादाचा निकाल. हा निकाल चुकीच्या पुराव्यावर दिलेला आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध तो दिला त्यांची कैफियत ऐकून न घेता दिलेला आहे. ती कैफियत लातूर जिल्ह्यातील मुरुडचा एक रहिवासी या नात्याने मला येथे मांडावयाची आहे.

प्रथम ज्या यंत्रणेविषयी आपण बोलतो आहोत तिचे स्वरूप स्पष्ट असावे. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये कर्मचाऱ्याच्या पुढ्यातील लॅपटॉप हा खरा कामाचा संगणक नसतो; खरा संगणक दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये चालू असतो, त्याच्या पडद्याचे चित्र तेवढे तारेवरून इकडे येते आणि इकडची बटणे व माऊसची हालचाल तिकडे जाते. सिट्रिक्स ही कंपनी १९८९ साली स्थापन झाली ती याच कल्पनेवर. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत हीच सोय आणली, आणि आज तीच अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉप या नावाने पुढे चालली आहे. ही सारी रचना जन्मली ती तक्ते, पत्रे आणि नोंदी यांच्यासाठी, म्हणजे ज्या पडद्यावरील चित्र क्वचितच बदलते अशा कामासाठी. सेकंदाला तीस वेळा बदलणारा माणसाचा चेहरा आणि क्षणाचाही विलंब न सोसणारा त्याचा आवाज यांची तिच्या मूळ आराखड्यात तरतूद नव्हती. ही तरतूद नंतर निराळी करावी लागली, ती करण्याची रीत आता सर्व मोठ्या उत्पादकांनी सिद्ध केलेली आहे, आणि जेथे ती केलेली नाही तेथे बैठक बिघडणारच, मग कर्मचारी मुरुडला असो वा मुंबईत.

आता मुरुडच्या आवाजाचा प्रत्यक्ष प्रवास पाहू. ज्या कंपन्यांचे ग्राहक अमेरिकन आहेत त्यांचे व्हर्च्युअल डेस्कटॉप, ग्राहकाच्या अटीमुळे, अनेकदा अमेरिकेतील डेटा सेंटरमध्येच ठेवलेले असतात. मुरुडमधील कर्मचारी पुण्यातील सहकाऱ्याशी बोलू लागला की त्याचा शब्द प्रथम व्हर्जिनिया किंवा न्यू जर्सी येथील त्याच्या दूरस्थ संगणकापर्यंत जातो, तेथे बैठकीत शिरतो, आणि सहकाऱ्याचाही डेस्कटॉप तेथेच असल्यामुळे तिकडून पुन्हा पुण्यास परत येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. भारतापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे अंतर सरळ रेषेने तेरा हजार किलोमीटर धरले, तरी एका खेपेस पासष्ट मिलिसेकंद लागतात. समुद्रातील केबल सरळ रेषेने जात नाही, वाटेत ठिकठिकाणी यंत्रे लागतात, म्हणून प्रत्यक्षात हा काळ शंभराच्या आसपास भरतो. जाणे आणि येणे मिळून दोनशे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत सहज संभाषणासाठी एका दिशेने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब इष्ट मानला आहे. म्हणजे संगणकाने काही प्रक्रिया करण्यापूर्वीच, केवळ प्रवासात, ती मर्यादा ओलांडली गेली. आणि उत्तरही त्याच वाटेने येणार असल्यामुळे प्रश्न विचारल्यापासून पलीकडचा पहिला शब्द कानी पडेपर्यंत चारशे मिलिसेकंद उलटतात. दोन माणसे एकाच वेळी बोलू लागतात, एकाच वेळी थांबतात, "तुम्ही बोला", "नाही, नाही, तुम्ही बोला" असे होत राहते, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा किंवा हुद्दा मोठा तोच बोलतो. मुरुड ते पुणे हे अंतर रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर. तेवढ्यासाठी काचतंतूला दीड मिलिसेकंद पुरतो, आणि मधल्या वळशांसाठी त्यावर दहा-वीस मिलिसेकंद सढळ हाताने दिले तरी दीडशेची मर्यादा फार दूर राहते. मग या विलंबात मुरुडच्या तारेचा वाटा किती, याचा हिशेब आरोप करणाऱ्यांनीच करावा.

चित्राची हकीकत याहून वाईट आहे. कॅमेऱ्यातून निघालेले ७२० ओळींचे साधे रंगीत चित्र सेकंदाला तीस चौकटींच्या गतीने, संकोचन न करता पाठवावयाचे म्हटले तर सेकंदाला सहासष्ट कोटींहून अधिक बिट लागतील. म्हणून ते दाबून लहान करावे लागते, आणि चांगल्या संकोचनाने ते दीड मेगाबिटच्या आसपास आणता येते. परंतु तरतूद नसलेल्या व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये हे संकोचन एकदाच होऊन थांबत नाही. लॅपटॉप चित्र दाबून दूरच्या संगणकाकडे धाडतो. तो ते उलगडतो आणि बैठकीच्या प्रोग्रामसाठी पुन्हा दाबतो. पलीकडच्या सहकाऱ्याचा दूरस्थ संगणक ते उलगडून आपल्या पडद्यावर रंगवितो. मग त्या पडद्याचेच चित्र समजून ते तिसऱ्यांदा दाबले जाऊन त्याच्या लॅपटॉपकडे येते. प्रत्येक वेळी काही तपशील गळतो, काही क्षण खर्ची पडतात, आणि हे सारे श्रम करतो तो सर्व्हर, ज्याच्यावर त्याच वेळी इतर अनेक कर्मचाऱ्यांचे डेस्कटॉप चालू असतात. सकाळच्या बैठकीला दहाजणांनी कॅमेरे लावले की त्या सर्व्हरवर तक्ते भरणाऱ्या अकराव्या माणसाचाही पडदा अडखळू लागतो. आवाजाला आणखी एक उपसर्ग होतो. स्पीकरमधून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून प्रतिध्वनी होऊ नये यासाठी प्रोग्रामला या दोहोंतील वेळेचे अंतर नेमके ठाऊक असावे लागते. प्रोग्राम अमेरिकेत, स्पीकर व मायक्रोफोन मुरुडात, आणि मधले अंतर क्षणोक्षणी बदलणारे, अशा स्थितीत त्याचा अंदाज चुकतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचेच शब्द परत ऐकू येतात.

आमच्या भागाने अशी मधली चढउतार पूर्वी पाहिली आहे. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झालेली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचलेली बार्शी लाईट रेल्वे अडीच फुटी रुळांची होती, कुर्डुवाडीचा मुख्य लोहमार्ग रुंद रुळांचा. तेव्हा इकडून गेलेला माल तेथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. त्या हमालीत पोते फाटले तर त्याचा ठपका ज्या शेतात तूर पिकली त्या शेतावर ठेवावा, असे कोणा शहाण्याला सुचले नसते. उपाय रुळांवर करावयाचा होता. तो व्हायला २००७–२००८ साल उजाडले, पण झाला तो रुळांवरच.

अनुभवाची साक्ष हवी असेल तर तीही देतो. मुरुडच्या बाजारपेठेमागील एका घरात राहणारी, विम्याच्या दाव्यांची छाननी करणारी एक तरुणी रोजच्या बैठकीत हेच ऐकत असे: "मॅडम, तुमचा आवाज कटतोय, जरा रेंजमध्ये या." घरात काचतंतूची जोडणी होती, रेंजचा प्रश्न नव्हता, परंतु वरिष्ठांपुढे वाद घालण्याचा तिचा स्वभाव नव्हता. एके दिवशी बैठक संपताच तिने व्हर्च्युअल डेस्कटॉपची खिडकी खाली केली, त्याच लॅपटॉपवरून, त्याच तारेवरून, स्वतःच्या ब्राउझरमधून पुण्यातील त्याच सहकारिणीला व्हिडिओ कॉल लावला, आणि पलीकडून पहिले वाक्य आले ते "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या ताई, बंद करा आता" हे. स्वयंपाकघरातील शिट्टी पुण्यात मोजता येत होती. घर तेच, तार तीच, वेळ तीच, माणसे तीच. बदलली होती ती फक्त आवाजाची वाट. नंतर तिने व्हर्च्युअल डेस्कटॉपमधील टीम्स या बैठकीच्या प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'अबाऊट' उघडले. डेस्कटॉपची बैठकीसाठी रीतसर तरतूद केलेली असेल तर तेथे आवृत्तीच्या क्रमांकाजवळ 'मीडिया ऑप्टिमाइज्ड' अशा अर्थाची नोंद दिसते. तिच्याकडे ती नव्हती. तिने पडद्याचे छायाचित्र जोडून रीतसर तक्रार नोंदविली, आणि उत्तर आले की गावातील सेवा-पुरवठादाराशी संपर्क साधावा. हे उत्तर लिहिणाऱ्याने जोडलेले छायाचित्र उघडून पाहिले असेल असे मला वाटत नाही.

ज्या तरतुदीची नोंद तेथे असावयास हवी होती तिला या व्यवसायात मीडिया ऑप्टिमायझेशन म्हणतात, आणि तिचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. बैठकीचा प्रोग्राम दूरच्या संगणकावरच राहतो. कोणाला बोलवावयाचे, कोण आले, कोण गेले, हा व्यवहार तेथूनच चालतो. परंतु आवाज आणि चेहरा टिपणे, दाबणे, पाठविणे आणि उलगडणे हे काम कर्मचाऱ्याच्या पुढ्यातील लॅपटॉपवर सोपविले जाते, आणि ते माध्यम अमेरिकेचा वळसा टाळून थेट सहकाऱ्याकडे, अथवा बैठक मोठी असेल तर बोलणाऱ्यांना जवळ पडणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे जाते. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या खिडकीत चेहऱ्यापुरती जागा मोकळी ठेवली जाते आणि लॅपटॉप आपल्याकडील चित्र नेमके तेथे बसवितो. पाहणाऱ्याला सांधा कळत नाही. सिट्रिक्स, होरायझन आणि अझूर या तिन्ही व्हर्च्युअल डेस्कटॉप-व्यवस्थांत टीम्ससाठी हे करता येते. झूम आणि वेबेक्स यांचे स्वतंत्र प्लगइन आहेत. टीम्सची ही सोय प्रथम ज्यावर उभारली गेली ते वेबआरटीसी हे तंत्र जानेवारी २०२१ मध्ये जागतिक वेब संघटनेने प्रमाण म्हणून मान्य केले. म्हणजे हे प्रयोगावस्थेतील नवल नव्हे. ही रुळलेली वहिवाट आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांपैकी सर्वांत वजनदार सुरक्षेचा आहे आणि त्याला सविस्तर उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो. आक्षेप असा की, ग्राहकाची माहिती डेटा सेंटरच्या बाहेर जाऊ नये यासाठीच तर व्हर्च्युअल डेस्कटॉप आहे. मग बैठकीचे माध्यम कर्मचाऱ्याच्या घरातून थेट इंटरनेटवर सोडणे म्हणजे बांधलेल्या भिंतीला स्वहस्ते खिंडार पाडणे होय. हा आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु तो कशाचे रक्षण करावयाचे हेच विसरतो. डेटा सेंटरमध्ये जपावयाच्या वस्तू म्हणजे ग्राहकांची कागदपत्रे, नोंदी, हिशेब. त्या ऑप्टिमायझेशननंतरही जेथल्या तेथेच राहतात. मुरुडमधील माणसाचा आवाज आणि चेहरा मात्र डेटा सेंटरमध्ये कधीच नव्हता. तो मुरुडच्या घरात उत्पन्न होतो, आणि सहकाऱ्याचा आवाजही अखेर त्याच घरातील स्पीकरमधून निघतो. जी वस्तू घरात निपजते आणि घरातच ऐकली जाते ती अमेरिकेतून फिरवून आणल्याने गुप्त कशी होते, हे मला कोणी समजावून सांगावे. प्रवासातील धोक्याविषयी म्हणाल, तर वेबआरटीसीच्या सुरक्षा-नियमांनुसार माध्यमाचे सांकेतिकीकरण बंधनकारक आहे. ते बंद ठेवण्याची सवलतच नाही. एक अपवाद मी मान्य करतो. कर्मचारी आपला पडदा बैठकीत दाखवितो तेव्हा ग्राहकाची माहिती खरोखरच बाहेर जाते, आणि ते दाखविणे कोणाला, कोणत्या बैठकीत करू द्यावे याचा नियम कंपनीने विचारपूर्वक करावा. परंतु तो नियम करता येतो, म्हणून आवाजाला शिक्षा देण्याचे कारण उरत नाही.

शिवाय सुरक्षेच्या नावाने ही तरतूद नाकारणाऱ्यांनी तिच्या अभावी प्रत्यक्षात काय घडते ते डोळे उघडून पाहावे. आवाज सारखा तुटू लागला की काम करणारा माणूस बैठक सोडत नाही. तो स्वतःचा मोबाईल उचलतो आणि त्यावरून बैठकीत शिरतो, किंवा सहकाऱ्याला व्हॉट्सअॅपवर फोन लावून दाव्याचा क्रमांक आणि रुग्णाचे नाव मोठ्याने वाचून दाखवितो. ज्या यंत्रावर कंपनीचा कोणताही अंमल चालत नाही, जे घरातील लहान मुलांच्याही हाती असते, त्या यंत्रावर ग्राहकाची खासगी माहिती अशा रीतीने जाते, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. हे मी ठिकठिकाणी पाहिले आहे. सुरक्षा-विभागाने एक वाट बंद केली म्हणून माणसांनी बोलणे थांबविले नाही; त्यांनी अधिक असुरक्षित वाट धरली.

दुसरा आक्षेप खर्चाचा: सर्व्हर अधिक शक्तिमान घेतले म्हणजे प्रश्न सुटेल, मग नवी यंत्रणा कशाला? शक्तिमान सर्व्हरने संकोचन लवकर होईल हे खरे, परंतु तेरा हजार किलोमीटर कोणत्याही सर्व्हरने कमी होत नाहीत. ज्यांचे डेस्कटॉप मायक्रोसॉफ्टच्या पुणे येथील, २०१५ पासून चालू असलेल्या केंद्रात आहेत त्यांचा समुद्रापारचा वळसा टळतो, पण पुनःपुन्हा दाबण्या-उलगडण्याचा भार तेथेही राहतोच. उलट हे काम लॅपटॉपवर सोपविले की सर्व्हर मोकळा होतो आणि त्याच सर्व्हरवर अधिक माणसे बसू शकतात. खर्चाच्याच भाषेत बोलावयाचे तर ही तरतूद न करणे महाग आहे.

कॅमेरा बंद ठेवा म्हणजे झाले, असे सांगणाऱ्यांना एवढेच उत्तर पुरे की चेहरा झाकल्याने आवाजाचा प्रवास कमी होत नाही. आणि ज्याचा चेहरा वर्षभर कोणी पाहिला नाही त्याचे नाव बढतीच्या यादीत कोणाला आठवत नाही, हे नोकरी केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात जेवढे सत्य आहे तेवढे नाकारण्याची माझी इच्छा नाही. मुरुडात वीज जाते, उन्हाळ्यात अधिक जाते. पावसाळ्यात रस्त्याच्या कामावर कुदळ लागून केबल तुटते. मोबाईलच्या जोडणीवर संध्याकाळी ताण पडतो. अशा वेळी कोणतेही ऑप्टिमायझेशन कामास येत नाही, आणि त्या अडचणीसाठी इन्व्हर्टर व दुसरी जोडणी ठेवणे ही कर्मचाऱ्याचीही जबाबदारी आहे. ऑप्टिमायझेशनचेही दोष आहेत. लॅपटॉप फार जुना असेल तर नवे काम त्याला झेपत नाही. खिडकीत बसविलेले चित्र कधी दुसऱ्या खिडकीच्या वर येऊन बसते. सर्वांत त्रासदायक म्हणजे, साखळीतील एक दुवा जुन्या आवृत्तीचा राहिला किंवा आवाज-चित्राच्या रहदारीसाठी लागणारी यूडीपीची ३४७८ ते ३४८१ ही दारे (पोर्ट) कोठे बंद राहिली, तर व्यवस्था ठळकपणे काही न कळविता धीम्या वाटेवर परतते. कंपनीचे व्हीपीएन सारी रहदारी स्वतःतूनच नेण्याचा हट्ट धरीत असेल तर केलेली तरतूद वाया जाते. म्हणून बैठकीची रहदारी व्हीपीएनबाहेरून थेट सोडण्याचा सल्ला मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच दिला होता. परंतु हे सर्व दोष तपासता येण्याजोगे आहेत, आणि तपासणाऱ्याचे आसन मुरुडात नसून कंपनीच्या तंत्रविभागात आहे.

या वादाला केवळ तांत्रिक मानणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी त्यात गुंतलेल्या माणसांकडे पाहावे. लातूरच्या शिक्षण-पद्धतीचा राज्यभर लौकिक आहे. येथील मुले चांगल्या गुणांनी बाहेर पडतात आणि मग खरोखरच बाहेर पडतात, कारण येथे काम नसते. २०२० मध्ये प्रथमच त्यांतील काही काम घेऊन परत आली. घरच्या म्हाताऱ्यांची औषधे, लहान भावंडांची शाळा, शेतावरची देखरेख सांभाळून ती पुण्याच्या पगारावर मुरुडात राहू लागली. केंद्रीय दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी 'इतर सेवा पुरवठादार' या वर्गातील, म्हणजे कॉल सेंटर, बीपीओ यांसारख्या कंपन्यांसाठीचे नियम शिथिल करून घरून आणि कोठूनही काम करण्यास अनुज्ञा दिली. त्याच्या कितीतरी आधी, २००३ मध्ये, महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कमधील साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने नोंदविण्यास मान्यता दिली होती. साक्षीसारख्या गंभीर कार्यात न्यायालय ज्या रीतीची उपस्थिती मान्य करते, ती दाव्यांची छाननी करणाऱ्या मुलीच्या बाबतीत अपुरी ठरविण्यास कंपन्यांपाशी आधार कोणता? शासनाने अडथळा काढला, न्यायालयाने तत्त्व मान्य केले, उत्पादकांनी साधन दिले. उरला तो तंत्रविभागातील एका अपूर्ण कामाचा अडथळा, आणि त्याची किंमत मात्र मुरुडने घर सोडून द्यावयाची.

म्हणून ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांना माझे सांगणे आहे: मुरुडमधील कोणाच्याही वार्षिक मूल्यमापनात 'नेटवर्क असमाधानकारक' असा शेरा लिहिण्यापूर्वी त्याच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवरील ती 'अबाऊट'ची ओळ उघडून पाहा, त्याच घरातून त्याच तारेवरून एक साधा कॉल करवून घ्या, आणि दोन्हींचा निष्कर्ष कागदावर आणा. तेथे ऑप्टिमायझेशनची नोंद नसेल तर तो शेरा कर्मचाऱ्याच्या नावावर न लिहिता आपल्या तंत्रविभागाच्या नावावर लिहा, आणि बदलीचा हुकूम तहकूब ठेवा.